आजोबा ९२ वर्षे जगले, वडिलांना ५३व्या वर्षी झटका आला. मग माझ्या हातात नेमके काय आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते ४४ वर्षांचे, मूळचे सांगली जिल्ह्यातले, नोकरीनिमित्त पुण्यात स्थायिक झालेले. आजोबा तूप-गूळ-भाकरी खाऊन आणि आयुष्यभर तंबाखू मळून ९२ वर्षे जगले. वडिलांना ५३व्या वर्षी हृदयविकाराचा झटका येऊन अँजिओप्लास्टी करावी लागली. आई ७० वर्षांची आहे आणि "मशेरी सोडली तर पूर्ण निर्व्यसनी" आहे. प्रश्नकर्त्यांची उंची १७० सेंटिमीटर, वजन ६६ किलो, उपाशीपोटीची साखर १०८ आणि रक्तदाब १३८/८८. सगळे आनुवंशिकच असेल तर पथ्य कशासाठी पाळायचे, नसेल तर कोणती एक गोष्ट बदलायची, आणि आता उशीर तर झालेला नाही ना, असे त्यांनी विचारले आहे.

फिजिशियन म्हणून गेली ३१ वर्षे मी रुग्ण तपासत आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मध्यमवयीन माणसाच्या खिशात असे एक आजोबा असतात. त्यांना पुढे करून तंबाखू, तूप आणि जागरण या तिन्हींचा बचाव केला जातो. म्हणून आधी आजोबांबद्दलच बोलू. ते साधारण १९३०च्या आगेमागे जन्मले असावेत. भारतात १९४१ ते १९५१ या दशकातील सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते, आज ते ७०च्या आसपास आहे. म्हणजे त्या काळी सगळी माणसे तिशीतच म्हातारी होऊन मरत होती असे नव्हे; देवी, पटकी, हगवण आणि बाळंतपणातील मृत्यू यांनी ही सरासरी खाली ओढलेली होती. आजोबांची भावंडे किती होती आणि त्यांतली किती पाच वर्षांची झाली, हे घरातल्या सर्वांत वयस्क व्यक्तीला एकदा विचारून पाहावे. आपल्याला दिसतात ते चाळणीत वर राहिलेले आजोबा असतात, आणि जे खाली गळाले त्यांचे फोटोही भिंतीवर नसतात. महर्षी धोंडो केशव कर्वे १८५८ ते १९६२ असे १०४ वर्षांचे आयुष्य जगले आणि विद्यार्थिदशेत परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत पायी गेले होते, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु एवढ्यावरून चालल्याने शंभरी गाठता येते असे म्हणणे जितके चूक, तितकेच एका आजोबांवरून तंबाखूला निर्दोष ठरवणे चूक आहे.

आनुवंशिकतेचा वाटा मोजण्याचा एक चांगला मार्ग म्हणजे जुळी भावंडे. डेन्मार्कमध्ये १८७० ते १९०० या काळात जन्मलेल्या २,८७२ जुळ्या जोड्यांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच बीजापासून झालेली जुळी आणि निरनिराळ्या बीजांपासून झालेली जुळी यांची तुलना करून संशोधकांनी असे दाखवले, की माणसामाणसांच्या आयुर्मानात जो फरक पडतो त्याचा साधारण एक चतुर्थांश भाग आनुवंशिकतेने समजावता येतो. उरलेला सगळा भाग आपल्या हातात आहे, असा याचा अर्थ मात्र कोणी काढू नये. त्यात पिण्याचे पाणी, लसीकरण, हवा, मिळकत, अपघात आणि निव्वळ योगायोगही येतो. "तुमचे आरोग्य तुमच्याच हाती" असे ठणकावून सांगणारी मंडळी डोक्यावर घमेले वाहणाऱ्या बाईलाही तेच सांगतात, तेव्हा मला संकोच वाटतो. आपल्यासारख्या पुण्यात बैठी नोकरी करणाऱ्या माणसाच्या बाबतीत मात्र हातातला वाटा बराच मोठा आहे.

वडिलांचा आजार मी इतक्या सहज बाजूला ठेवणार नाही. वडिलांना किंवा भावाला ५५च्या आत, आणि आईला किंवा बहिणीला ६५च्या आत हृदयविकार झाला असेल, तर आम्ही तो कौटुंबिक धोका धरतो. आपण त्या व्याख्येत बसता. त्यात दक्षिण आशियातील माणसांचे एक वेगळे दुखणे आहे. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासात पहिला झटका येण्याचे वय आपल्याकडे सुमारे ५३ वर्षे आणि इतर देशांत सुमारे ५९ वर्षे आढळले. आपले वडील अपवाद नव्हते, बरोबर मध्यावर होते. परंतु याच अभ्यासाने २००४ मध्ये असेही दाखवले, की तंबाखू, रक्तातील मेद, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, आहार, व्यायाम आणि मद्य या नऊ गोष्टींनी पहिल्या झटक्याच्या सुमारे ९० टक्के जोखमीचा उलगडा होतो. घराण्यात हृदयविकार आहे असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा घराण्याची खाण्याबसण्याची रीतच पुढे चालत आलेली असते. मुलगा वडिलांची जनुके घेतो आणि त्याच ताटात जेवतोही.

आपण स्वतःला सडपातळ म्हटले आहे. उंचीच्या मानाने आपले वजन योग्य दिसते, हे खरे. पण भारतीय शरीर वजनकाट्याला फसवते. ही गोष्ट जगापुढे आणण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास केला, आणि आपली बाळे वजनाने लहान असूनही चरबीच्या बाबतीत लहान नसतात, असे दाखवले. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र लॅन्सेट या नियतकालिकात छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) तंतोतंत सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! आपला हा निर्देशांक २२.८ येतो, म्हणजे आपण त्याच छायाचित्राच्या आसपास उभे आहात.

म्हणून काटा बाजूला ठेवून शिंप्याची टेप घ्यावी. कमरेचा घेर विचारला की पुरुष पँटचा नंबर सांगतात: "चौतीस आहे, कॉलेजपासून तोच आहे." पँट पोटाच्या खाली सरकत गेलेली असते, नंबर तोच राहतो. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता टेप लावावी. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर घेर गेला, तर वजन काहीही असो, पोटातल्या अवयवांभोवती चरबी साठली आहे असे धरावे. आपला आकडा काय येतो ते पाहावे. १०८ साखर असलेल्या ६६ किलोच्या माणसाचा घेर ९२-९३ निघाला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आता "कोणती एक गोष्ट बदलू" याकडे वळू. रुग्ण पहिला प्रश्न नेहमी पदार्थाबद्दल विचारतात. तूप खाऊ का, कोणते तेल चांगले, जवस की चिया, कारल्याचा रस घेऊ का. मी त्यांना एका वहीत आपला एक साधा मंगळवार लिहून आणायला सांगतो. रविवार नको, कारण तो सुटीचा असतो; सोमवार नको, कारण सोमवारी उपास असतो किंवा नवा संकल्प ताजा असतो. मंगळवारी माणूस जसा असतो तसा वर्षातले तीनशे दिवस असतो. उठल्यापासून झोपेपर्यंत काय तोंडात गेले, किती वेळ बसलो, कधी जेवलो, कधी डोळा लागला, एवढेच लिहायचे. सणासुदीची पुरणपोळी कोणाचेही आयुष्य कमी करत नाही. आयुष्य झिजते ते या मंगळवारांनी, आणि ते वहीत उतरेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही.

एका माध्यमिक शिक्षकांची वही माझ्या चांगली लक्षात आहे. गोड अजिबात खात नाही, असे ते शपथेवर सांगत होते. मंगळवारी चहा पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. मी त्यांना घरातला रोजचा चमचा घेऊन यायला सांगितले आणि दवाखान्यातल्या छोट्या काट्यावर साखर मोजली. पुस्तकातला सपाट चमचा पाच ग्रॅमचा असतो, त्यांचा शीग लावलेला चमचा साडेसहा ग्रॅमचा निघाला. दिवसाला ६५ ग्रॅम, म्हणजे महिन्याला जवळजवळ दोन किलो साखर, एकट्याची आणि केवळ चहातली. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. त्यांनी तीन महिन्यांत दर पंधरवड्याला पाव-पाव चमचा कमी करत साखर अर्ध्या चमच्यावर आणली, आणि आता लग्नकार्यातला चहा आपल्याला घशाखाली उतरत नाही, अशी तक्रार घेऊन आले. जिभेची चव अशीच हळूहळू बदलते. एका रात्रीत बिनसाखरेचा चहा सुरू करणारे मात्र बहुतेक वेळा आठवड्यात परत येतात. गूळ घातला तरी हिशेब फारसा बदलत नाही, हे सांगितले की मंडळी नाराज होतात.

वहीत सर्वांत जास्त जागा व्यापतो तो बसण्याचा वेळ, आणि तो लिहायचेच बहुतेक जण विसरतात. याबाबतचा पहिला मोठा पुरावा बससेवेतून आला. लंडनचे डॉक्टर जेरेमी मॉरिस यांनी तिथल्या दुमजली बसगाड्यांवरच्या चालकांची आणि वाहकांची तुलना केली. दोघे साधारण एकाच सामाजिक थरातले. चालक कामाचा नव्वद टक्के वेळ बसून असे. वाहक तिकिटे फाडत दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढे. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत वाहकांना हृदयविकार कमी होता, आणि झालाच तर उशिरा आणि सौम्य होत होता. पुढे मॉरिस यांनी या कर्मचाऱ्यांच्या गणवेशाच्या पँटचे मापही काढले. चालकांच्या कमरा जाड निघाल्या, म्हणून चालण्याचे श्रेय आहे की बारीक असण्याचे, असा वाद झाला. परंतु बारीक चालकांनाही बारीक वाहकांपेक्षा धोका जास्त होता. मॉरिस स्वतः ९९ वर्षे जगले. त्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मी वर सांगितलेच आहे, तरी ही माहिती सांगण्याचा मोह मला आवरत नाही.

सकाळी टेकडीवर तासभर जाऊन नंतर दहा तास खुर्चीत बसणारे रुग्ण माझ्याकडे पुष्कळ आहेत. टेकडी सोडू नये. पण दर पाऊण तासाने उठून दोन-तीन मिनिटे चालण्याला त्यांनी कमी लेखू नये. दहा हजार पावलांचा जो धाक मोबाइलने घातला आहे, त्याचा उगम जपानमध्ये १९६५ साली विक्रीला आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावात आहे. त्या नावाचा अर्थच "दहा हजार पावले" असा होता. सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १७ हजार अमेरिकन स्त्रियांच्या अभ्यासात २०१९ मध्ये असे दिसले, की दिवसाला २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होते आणि ७,५०० पावलांच्या पुढे फारसा वाढीव लाभ दिसत नव्हता. म्हणजे ज्याची पावले सर्वांत कमी, त्याला पहिल्या दोन हजार पावलांचा फायदा सर्वांत मोठा. वारीत आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर चालून आलेल्या माझ्या रुग्णांची साखर आषाढात छान उतरलेली असते आणि दिवाळीपर्यंत पुन्हा होती तिथे येते.

आपल्याला मी एकच गोष्ट सांगायची ठरवली, तर ती शतपावली असेल. रात्रीच्या जेवणानंतर, हात धुतल्या धुतल्या, दहा ते पंधरा मिनिटे रमतगमत चालणे. यामागचे शास्त्र साधे आहे. जेवणानंतर तास-दीड तासात रक्तात साखर चढत असते, आणि आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ती साखर आत ओढून घेतो. मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू शरीरातल्या मोठ्या स्नायूंपैकी. तेच त्या वेळी सोफ्यावर मालिका पाहत बसले, तर साखरेला जायला जागा राहत नाही. आपली साखर १०८ आहे, म्हणजे अमेरिकी मधुमेह संघटनेच्या निकषांप्रमाणे १०० ते १२५ या मधुमेहपूर्व पट्ट्यात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेही सुमारे १०.१ कोटी आणि मधुमेहपूर्व अवस्थेतले सुमारे १३.६ कोटी आढळले. या पट्ट्यातून सगळेच पुढे जातात असे नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी अशाच ५३१ जणांवर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, तीन वर्षांत काहीही न बदलणाऱ्यांपैकी ५५ टक्क्यांना आणि चालणे व आहार सुधारणाऱ्यांपैकी सुमारे ३९ टक्क्यांना मधुमेह झाला. विशेष म्हणजे, सुधारणा करणाऱ्यांचे वजन जवळजवळ घटलेच नव्हते. काटा हलला नाही म्हणून चालणे सोडून देणाऱ्या सडपातळ माणसांसाठी हा निष्कर्ष फार मोलाचा आहे.

रात्रीच्या जेवणाची वेळही मी याच प्रश्नाचा भाग मानतो. पुण्यात दहाला जेवून साडेदहाला आडवे होणे सर्रास चालते. संध्याकाळनंतर शरीर साखर हाताळण्यात मंदावलेले असते, आणि भात-पोळीचा सर्वांत मोठा हप्ता आपण नेमका त्याच वेळी भरतो. आठच्या सुमारास जेवणे जमत नसेल, तर ऑफिसात सहा-साडेसहाला मूठभर फुटाणे आणि ताक घ्यावे, म्हणजे रात्री भुकेने ताटावर तुटून पडणे होत नाही.

ताटाबद्दल माझे मत थोडे अप्रिय आहे. मराठी ताट मुळात चांगले, पण त्यातले प्रमाण बिघडले आहे. परिषदेच्याच आहारविषयक अहवालानुसार भारतीयांच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के उष्मांक धान्य आणि साखर यांसारख्या पिष्टमय पदार्थांतून येतात. तीन पोळ्या, भात, बटाट्याची भाजी आणि ज्यात डाळ शोधावी लागते अशी पातळ आमटी, हे एकाच पदार्थाचे चार अवतार आहेत. भाकरीचा हल्ली मोठा बोलबाला आहे, आणि ज्वारी-बाजरी मलाही आवडते. पण तीन पोळ्यांऐवजी तीन भाकरी खाल्ल्याने पिष्ट कमी होत नाही. एक भाकरी कमी करून त्या जागी मटकीची उसळ, घट्ट वरण, पिठले, दही, अंडी किंवा मासे आले, तर फरक पडतो. उपासाच्या दिवसाचे तर विचारूच नका. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट, त्यात बटाटा, वर गोड दही. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण कोणा डॉक्टरने केलेली नाही. तेलाच्या बाबतीत कोणते, यापेक्षा किती, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज जवळजवळ ३८ ग्रॅम तेल पोटात जाते. माणशी महिन्याला अर्धा-पाऊण लिटर पुरते. चमचाभर साजूक तुपावरून मी कोणाशी भांडत नाही. लोणचे, पापड, फरसाण आणि शेव यांतून जाणाऱ्या मिठावरून मात्र भांडतो, विशेषतः ज्याचा रक्तदाब १३८/८८ आहे त्याच्याशी.

त्या रक्तदाबाबद्दल. दवाखान्यात जिना चढून आल्याबरोबर घेतलेले एक माप काहीच ठरवत नाही. घरी दंडाला बांधायचे यंत्र घ्यावे, मनगटाचे नको. सात दिवस सकाळ-संध्याकाळ, त्याआधी अर्धा तास चहा किंवा तंबाखू न घेता, लघवी करून, पाठ टेकून आणि दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे, हात हृदयाच्या पातळीला टेबलावर ठेवावा आणि एका मिनिटाच्या अंतराने दोन मापे लिहावीत. पहिला दिवस वगळून सरासरी काढावी. ती १३५/८५ किंवा त्याहून वर आली, तर डॉक्टरांना दाखवून गोळीचा विचार करावा लागेल. गोळी म्हणजे पराभव, असे मानणारे बरेच सुशिक्षित लोक मला भेटतात. "बीपी नॉर्मल आला म्हणून गोळी बंद केली" हे वाक्य मी पक्षाघात झालेल्या रुग्णांच्या नातेवाइकांकडून इतक्या वेळा ऐकले आहे, की माझ्या लेखी वेळेवर घेतलेली गोळी ही चालण्याइतकीच जीवनशैलीची गोष्ट आहे. कौटुंबिक इतिहास पाहता कोलेस्टेरॉलची पूर्ण तपासणी, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि आयुष्यात एकदा करायची लिपोप्रोटीन-ए (रक्तातील मेदाचा एक प्रकार) ही तपासणी आपण करून घ्यावी. शेवटची गोष्ट खरोखरच आनुवंशिक असते, आणि ती वाढलेली निघाली तर बाकीच्या गोष्टींत आपल्याला सूट राहत नाही.

झोपेबद्दल थोडक्यात सांगतो: सात तास, आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. आपण मोठ्याने घोरता आणि मध्येच श्वास अडकतो असे पत्नी सांगत असेल, तर ती थट्टा समजू नये, तपासणी करावी. मद्याबद्दल, "थोडी घेतलेली हृदयाला बरी" या समजुतीला आता आधार उरलेला नाही; सुरक्षित म्हणावे असे प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. मच्छर पळवणाऱ्या कॉइलचा उल्लेख कोणी वहीत करत नाही, परंतु बंद खोलीत जळणारी एक कॉइल ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते. मच्छरदाणी बरी.

दीर्घायुष्याविषयी विचारणारे लोक वर्षे मोजतात. मी त्यांना शेवटची दहा वर्षे कशी जातील ते विचारतो. पंच्याऐंशी वर्षे जगून त्यातली आठ वर्षे कोणी कुशीवर वळवण्याची वाट पाहण्यात गेली, तर तो हिशेब कोणालाच नको असतो. माणसाला अंथरुणाला खिळवणाऱ्या गोष्टींत पक्षाघाताच्या खालोखाल मी खुब्याचे मोडलेले हाड पाहतो, आणि त्याच्या आधी बरीच वर्षे मांड्यांचे स्नायू गेलेले असतात. चाळिशीनंतर व्यायाम केला नाही, तर ते दरवर्षी थोडे थोडे जातच राहतात. आपले आजोबा पाटावर जेवायला बसत आणि हात न टेकता उठत. शौचालाही उकिडवेच बसत. म्हणजे व्यायामाचा विचार मनात न आणता ते दिवसातून वीस-पंचवीस बैठका काढत. आपण डायनिंग टेबल, कमोड आणि सोफा आणून त्या सगळ्या एका झटक्यात बंद केल्या. ब्राझीलमध्ये ५१ ते ८० वर्षांच्या दोन हजार लोकांना जमिनीवर बसून आधाराशिवाय उठायला सांगण्यात आले. ज्यांना अनेक ठिकाणी हात-गुडघे टेकावे लागले, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण पुष्कळ जास्त होते. गुडघे धड असतील तर रात्रीचे जेवण तरी खाली बसून करावे. गुडघे दुखत असतील तर खुर्चीतून हात न लावता दहा वेळा उठबस करावी आणि आठवड्यातून दोनदा थोडे वजन उचलावे.

उशीर झाला आहे का? ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल यांनी १९५१ पासून सुमारे ३४ हजार पुरुष डॉक्टरांच्या सवयींची आणि मृत्यूंची नोंद ठेवली. पन्नास वर्षांनी, २००४ मध्ये आलेला निकाल असा होता, की धूम्रपान करणारे सरासरी दहा वर्षे आधी गेले. ज्यांनी साठीत सोडले त्यांनी त्यातली तीन वर्षे परत मिळवली, पन्नाशीत सोडणाऱ्यांनी सहा, चाळिशीत सोडणाऱ्यांनी नऊ. तंबाखूइतका स्वच्छ हिशेब चालण्याचा किंवा आहाराचा मांडता येत नाही, पण दिशा तीच आहे. आपले वय ४४ आहे.

आणि आता आईबद्दल, ज्यांच्याविषयी आपण प्रश्न विचारलेलाच नाही. मशेरी म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखूच. "तंबाखू खाता का?" असे विचारले की आपल्याकडच्या बायका मनापासून नाही म्हणतात, म्हणून मी "मशेरी लावता का, दिवसातून किती वेळा, आणि किती वेळ तोंडात ठेवता?" असे विचारायला शिकलो. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरत होते आणि धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के होते. आपल्या राज्याचे व्यसन हिरडी आणि गाल यांच्या मध्ये आहे. सत्तराव्या वर्षी त्यांना रागावून काही होणार नाही. सकाळची एक वेळ तेवढी आधी राहू द्यावी आणि दुपारची व रात्रीची बंद करावी, दात घासायला साधी पेस्ट हातात द्यावी, पहिले दहा दिवस त्या चिडचिड करतील ती सोसावी, आणि मग सकाळचीही सोडवावी. या आठवड्यात मात्र त्यांना खिडकीजवळ, उजेडात बसवून तोंड पाहावे. त्यांची स्वतःचीच तीन बोटे उभी तोंडात जातात का, गालांच्या आत, जिभेच्या दोन्ही कडांना आणि जिभेखाली पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण आहे का. कवळी असेल तर ती काढून तिच्या खालीही पाहावे. यातले काहीही दिसले आणि दुखत नसले, तरी दंतवैद्याकडे किंवा कान-नाक-घसातज्ज्ञांकडे न्यावे, कारण सुरुवातीला ते दुखत नाहीच.